सतरा नंबरचा राघू

बाजारात बोललेलं खोटं संध्याकाळपर्यंत विरून जातं. कचेरीत बोललेलं खोटं बदली होईपर्यंत टिकतं. पण मुलीला मागणी घालायच्या आधी जे खोटं बोललं जातं ना, ते जन्मभर घरात बसून भाकरी खातं. मयूर विहारच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, शशिकांतराव राऊतांच्या घरी असं एक खोटं अडतीस वर्षं जेवत होतं. आणि त्याला रोज वाढणाऱ्या चंद्रप्रभाबाईंना त्याचा पत्ता नव्हता.

शशिकांतराव रेल्वेच्या दिल्लीतल्या कचेरीतून चीफ ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले. माणूस कामाला चोख. रेघ मारली तर केसाइतकी बारीक, अक्षर असं की साहेब लोक ड्रॉइंग बाजूला ठेवून आधी अक्षर बघायचे. चहात साखर किती, हेसुद्धा चमच्याच्या कडेनं सपाट करून घेणारा गृहस्थ. अशा माणसानं आयुष्यात एकच काम अर्धं सोडलं, आणि नेमकं तेच त्याच्या मानगुटीवर बसलं. बघा आता, नशीब म्हणायचं की काय म्हणायचं.

झालं असं की, जानेवारी महिन्यातल्या एका रविवारी त्यांची लेक कादंबरी नोएडाहून मेट्रोनं जेवायला आली. तिची कंपनी म्युझियमांची कामं करते. भिंतींवरच्या फलकांचा मजकूर कादंबरी लिहिते. ताटावर बसल्या बसल्या तिनं सांगून टाकलं, की मानेसरजवळ एक खासगी ट्रस्ट रेल्वेचं म्युझियम उभारतोय आणि त्याच्या मुख्य दालनात एका जुन्या बोगद्याचं तोंड जसंच्या तसं, त्याच मापाचं, पुन्हा बांधतायत. चिरेखिंड घाट, सतरा नंबर. जुन्या कागदांत त्याचं एकच ड्रॉइंग सापडलंय म्हणे, आणि यादीत नाव लिहिलंय, एस. आर. राऊत, १९८६.

"बाबा, म्हणजे तुम्हीच ना यार?" कादंबरी म्हणाली.

चंद्रप्रभाबाईंच्या हातात पोळी होती. ती त्यांनी तव्यावर तशीच टाकली, गॅस बंद केला आणि देवासमोर जाऊन गुळाचा खडा ठेवला. परत आल्या तेव्हा डोळे भरलेले होते. म्हणाल्या, "माझ्या आबांचा राघू परत येतोय."

शशिकांतरावांच्या घशात घास अडकला तो अडकलाच. पाणी प्यायले, पाठीत थोपटून घेतलं, तरी काही तो खाली उतरेना.

आता हा राघू कोण, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सतरा नंबर म्हणजे चिरेखिंड घाटातला सतरावा बोगदा. घाटात बोगद्यांना नावं नसतात, नंबर असतात. बोगदा म्हणजे काय, डोंगराला पाडलेलं भोक. त्याचं तोंड सुबक असलं काय नि ओबडधोबड असलं काय, गाडीला काय फरक पडतो? पण विलायतेच्या राणीच्या काळातला तो साहेब, त्याची हौस दांडगी. त्यानं सतरा नंबरला अगदी किल्ल्याचा दरवाजा करून ठेवला होता. दोन बाजूंना दोन गोल बुरूज, वर चऱ्या, बुरुजांत उभ्या जंग्या, ज्यांतून कुणी कधी बार काढला नाही आणि काढणारही नव्हतं. कमानीचे चिरे पंख्यासारखे लावलेले, प्रत्येकाची कड छिन्नीनं तासून गुळगुळीत आणि पोट मुद्दाम खडबडीत ठेवलेलं. मधोमध मोठ्या चिऱ्यावर एडक्याचं डोकं, शिंगं वळलेली. त्याच्यावर १८६३ हा आकडा, आणि त्याच्याही वर, या बुरुजापासून त्या बुरुजापर्यंत, कोरलेल्या पानांची एक पट्टी. घाटातली जुनी माणसं सांगायची, पहिल्यांदा गाडीत बसणाऱ्याला डोंगर डोक्यावर येईल अशी धास्ती वाटायची. दरवाजा असा भक्कम दिसला की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात वरून एक धोंडा आला आणि उजव्या बुरुजाचा कोपरा व पानांच्या पट्टीचा सहा हात तुकडा घेऊन दरीत गेला. दुरुस्तीला लागले खंडेराव. घाट सेक्शनवर रेल्वेच्या नोकरीत असलेले पाथरवट. चंद्रप्रभाबाईंचे वडील, ज्यांना त्या आबा म्हणायच्या. साहेबाची ती पानं कुठल्या विलायती वेलाची होती, ती खंडेरावांनी कधी पाहिलेली नव्हती. तरी शेजारच्या पानांवर बोट फिरवून फिरवून त्यांनी ती हुबेहूब उतरवली. आणि अगदी शेवटी, पट्टी जिथे बुरुजाला मिळते तिथल्या वीतभर जागेत, पानाऐवजी एक राघू कोरला. वरच्या साहेबाला तो दिसला नाही, किंवा दिसूनही तो गप्प बसला. आठ वर्षांच्या लेकीला बांधकामाच्या परांचीवर नेऊन, खांद्यावर बसवून त्यांनी तो दाखवला होता. म्हणाले होते, "मला सही येत नाही गं. ही माझी सही."

पुढच्याच वर्षी ते गेले. पाथरवटाचं मरण पाथरवटाच्या छातीतच असतं. दगडाची धूळ आयुष्यभर साठत जाते आणि एक दिवस श्वास पुरेनासा होतो. त्यांचा एकसुद्धा फोटो घरात नव्हता. आबा म्हणून डोळ्यांसमोर धरावं असं जगात एवढंच होतं, सतरा नंबरच्या उजव्या खांद्यावरचा राघू.

आणि शहाऐंशी साली सव्वीस वर्षांचा शशिकांत राऊत टेप, ओळंबा आणि शिडी घेऊन घाटात उतरला. जुन्या बांधकामांची मापं घ्यायचा हुकूम होता. आठ दिवस तो स्टेशनाजवळच्या खोलीत राहिला आणि त्याचा डबा यायचा शेजारच्या क्वार्टरमधून, जिथे खंडेरावांची विधवा बायको लोकांना डबे करून देत होती. डबा आणून द्यायची एकवीस वर्षांची चंद्रप्रभा. तिनं दुसऱ्याच दिवशी त्याला सांगितलं, की उजवीकडे वर माझ्या आबांचा राघू आहे, तोही काढा हं.

आता ड्राफ्ट्समन लोकांची एक रीत आहे, ती इथे आडवी आली. जे बांधकाम दोन्ही बाजूंनी सारखं असतं, ते ते अर्धंच काढतात. मधोमध एक तुटक रेघ मारायची. डावीकडे समोरून दिसणारं रूप काढायचं, उजवीकडे आतला काप दाखवायचा, म्हणजे दगड किती जाड, चुना किती, मागे मुरूम किती. खाली टीप लिहायची, दोन्ही बाजू सारख्या. यात लबाडी काही नाही, जगभर असंच चालतं. शशिकांतनं सात दिवसांत डावा बुरूज, कमान, एडक्याचं डोकं, पानन् पान मोजून काढलं. आठव्या दिवशी दुपारी शिडी उजवीकडे लावायची आणि राघू वेगळा काढून घ्यायचा, असं त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं.

त्या दुपारी चंद्रप्रभा नळावर पाणी भरत होती. शशिकांत शिडी खांद्यावर घेऊन निघाला आणि नळापाशी थांबला. दोन मिनिटांसाठी म्हणून थांबला. ती आबांबद्दल बोलत होती आणि तो तिच्याकडे बघत होता. हंडा भरून वाहू लागला, दुसरा भरला, तिसरा भरला, ऊन डोंगरामागे गेलं, आणि शिडी नळाच्या भिंतीला टेकलेली तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी. ती फलाटावर आली आणि तिनं खिडकीतून विचारलं, "काढलात ना आबांचा राघू?"

तो म्हणाला, "काढला."

झालं. तीन अक्षरं. पुढे त्यानं मागणी घातली तेव्हा तिची आई दिल्लीचं अंतर ऐकून कचरत होती, पण चंद्रप्रभाच ठाम होती. म्हणाली होती, ज्यानं आबांना कागदावर घालून दिल्लीला नेलं, त्याच्याबरोबर मी डोळे झाकून जाईन. आणि खरोखर डोळे झाकूनच आली. ड्रॉइंग बघायची तिनं दोन-चारदा इच्छा काढली, तेव्हा शशिकांतरावांनी सरकारी कागद रेकॉर्ड रूममधून बाहेर येत नाहीत असं सांगितलं. ते मात्र खरं होतं. माहेरी जाताना गाडी सतरा नंबरपाशी आली की ती खिडकीतून हात जोडायची, आणि ते तिच्या खांद्यावरून बघायचे तोवर गाडी अंधारात शिरलेली असायची. त्यांना दिसला तो एकदा नुसता उंचवटा, पानांहून थोडा वेगळा.

सहा वर्षांपूर्वी घाटात मोठी दरड आली. सतरा नंबरचं तोंड, बुरूज, पट्टी, सगळं खाली गेलं आणि मग डोंगर पुन्हा सुटू नये म्हणून त्या जागी काँक्रीटची साधी करडी कमान उभी राहिली. बातमी आली तेव्हा चंद्रप्रभाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठून चहा केला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "असू दे. तुमच्या कागदावर आहे ना."

तेव्हा सांगायला हवं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं शशिकांतरावांना वाटलं. कोण तो कागद उघडून बघणार होतं?

आणि आता तो कागद उघडला होता. नुसता उघडला नव्हता, त्यावरून चाळीस फूट रुंद दरवाजा बनत होता. इकडे चंद्रप्रभाबाईंनी सगळ्या सोसायटीला सांगून टाकलं, महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना फोन झाले, भाजीवाल्यालासुद्धा हिंदीत समजावलं की मेरे पिताजी का तोता मानेसर में लगनेवाला है. आयुष्यभर मान खाली घालून राहिलेली बाई, तिचा उत्साह बघून कादंबरी पण थक्क झाली. आणि शशिकांतराव? चोराच्या मनात चांदणं. फोन वाजला तरी दचकायचे.

त्यांनी इंटरनेटवर सतरा नंबरचे जेवढे फोटो होते तेवढे धुंडाळले. रेल्वेच्या शौकिनांनी काढलेले पुष्कळ होते, पण रूळ वळण घेऊन येतो त्यामुळे सगळे डाव्या अंगानं काढलेले, आणि उजवा बुरूज झाडीत. मग त्यांनी बायकोच्याच तोंडून काढून घ्यायचा घाट घातला. बाल्कनीत उन्हात दोघं मटार सोलत बसलेले असताना, जणू सहज, त्यांनी विचारलं, की राघूची मान नक्की कुठल्या बाजूला होती गं?

चंद्रप्रभाबाई हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही टेप लावून काढलात आणि मला विचारता? आता वय झालं हो तुमचं."

हसल्या आणि मूठभर दाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्या क्षणी शशिकांतरावांच्या ओठांवर सगळं आलं होतं, अगदी दातांपर्यंत. पण समोर तो चेहरा, साठीला आलेला आणि आठ वर्षांच्या पोरीसारखा खुललेला. त्यांनी दाणे तोंडात टाकले आणि चावत राहिले.

फेब्रुवारीत ते एकटेच नोएडाला गेले. दरवाजा बनवायचं काम त्रेसष्ट सेक्टरमधल्या एका शेडमध्ये चाललं होतं. शेडचा मालक गौरव, तिशीतला, बोलायला गोड. त्याचा मूळ धंदा लग्नाच्या मंडपांच्या कमानी करायचा. फायबरचे हत्ती, फायबरचे मोर, फायबरचे खांब एका रांगेत उभे होते आणि त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, सतरा नंबर. शशिकांतरावांचे पाय जागीच थबकले. डावा बुरूज, जंग्या, एडक्याचं डोकं, शिंगांचे वळसे, सगळं त्यांच्या हातच्या रेघेतून उतरलेलं. अजून रंग नव्हता, सगळं पांढरं फटक. आणि उजवा बुरूज म्हणजे डाव्याचीच आरशातली छबी. राघूच्या जागी एक पान होतं, डावीकडच्या शेवटच्या पानाचं जुळं.

गौरवनं सांगितलं, "अंकल, ड्रॉइंग तो आधी ही थी, हाफ. बाकी मैंने कंप्यूटर पे पलट दी."

त्याची काय चूक? टीपच तशी होती, दोन्ही बाजू सारख्या, आणि अक्षर किती सुंदर. शशिकांतरावांनी त्याला सांगितलं, की या जागी एक राघू होता, ड्रॉइंगमध्ये राहून गेला. गौरव म्हणाला बिल्कुल बनवू, फक्त मापासकट काढून द्या आणि खाली सही करा, म्हणजे ट्रस्टवाले प्रश्न विचारणार नाहीत.

आठ दिवस शशिकांतराव सोसायटीच्या बागेत कडुलिंबाखाली वही घेऊन बसले. दिल्लीत राघूंना काय तोटा? थव्यानं येतात, कलकलाट करतात, डहाळ्यांना उलटे लोंबकळतात. त्यांनी चोच मोजली, शेपटीचं प्रमाण काढलं, पंखांची पिसं ओळीनं बसवली. मान ताठ, समोर बघणारी, डोळा गोल आणि त्याभोवती कडं. उत्तम राघू झाला. इतका उत्तम, की खंडेरावांनी बघितला असता तर तेही म्हणाले असते, पाहुणे, हात आहे तुमच्याकडे. खाली त्यांनी सही केली आणि ट्रेसिंग पेपरची गुंडाळी गौरवच्या हातात दिली. परत येताना मेट्रोत त्यांना पहिल्यांदाच हलकं वाटलं. निभावलं बुवा, असं वाटलं.

मार्चच्या शेवटी उद्घाटन झालं. चंद्रप्रभाबाई राघूच्या रंगाचं हिरवं नारायणपेठी नेसल्या होत्या. कॅबमध्ये सगळा रस्ताभर त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. दालनात शिरल्यावर समोर तो काळा कभिन्न दरवाजा उभा. रंगाऱ्यानं कमाल केली होती. शेवाळ, पाण्याचे ओघळ, इंजिनाच्या धुराची काजळीसुद्धा. भाषणं झाली, शशिकांतरावांना शाल मिळाली, टाळ्या झाल्या. मग गर्दी पांगल्यावर चंद्रप्रभाबाई उजव्या बुरुजापाशी गेल्या. गौरवनं धावत जाऊन रंगाऱ्यांची चाकांवरची परांची ढकलत आणली. कादंबरीनं एक हात धरला, शशिकांतरावांनी दुसरा.

त्या वर चढल्या आणि राघूवर हात ठेवला. बोटं चोचीवरून डोक्यावर गेली, डोक्यावरून मानेवर, मग पुन्हा डोळ्याशी आली आणि तिथे थांबली. खूप वेळ थांबली. कादंबरीनं विचारलं, "आई, असाच होता ना आजोबांचा तोता?"

चंद्रप्रभाबाईंनी नवऱ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "हो. असाच असणार."

कादंबरीनं फोटो काढला. तो मोठा करून, काच लावून, दिवाणखान्यात देवघराशेजारी लागला. आबांचा फोटो नव्हता ना, तिथे आता राघू. रोज सकाळी चंद्रप्रभाबाई देवाबरोबर त्यालाही फूल वाहायच्या आणि उभ्या राहून बघायच्या. शशिकांतराव पेपरच्या आडून त्यांच्याकडे बघायचे. पहिले काही दिवस त्यांना समाधान वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की बायको बोलायची कमी झालीय. आबांच्या गोष्टी, ज्या ते अडतीस वर्षं ऐकत आले होते, त्या गेल्या महिन्याभरात एकदाही निघाल्या नव्हत्या.

एप्रिलअखेरच्या एका सकाळी फूल वाहून झाल्यावर त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "एक सांगू? हसू नका."

त्यांनी पेपर खाली ठेवला.

मग त्या सांगू लागल्या. त्यांना आपलं वाटायचं, की आबांच्या राघूची मान मागे वळलेली होती. चोच स्वतःच्याच पंखात खुपसलेली, ऊन लागल्यावर पाखरं बसतात तशी. आणि डोळा नव्हता त्याला. आबा म्हणायचे, डोळा कोरला की उडून जाईल, तो सगळ्यात शेवटी, तू मोठी झालीस की. त्यांनी म्हणे लहानपणापासून तोच राघू मनात धरून ठेवला होता, नवऱ्यानं बघितलेलाच आहे म्हणून कधी बोलून दाखवला नव्हता. म्युझियममध्ये परांचीवर चढल्यावर हाताला डोळा लागला तेव्हा त्यांना धस्स झालं.

"मग मी म्हटलं, जवळून बघितला तेव्हा आपण आठ वर्षांच्या होतो. तुम्ही शिडीवर चढून, मोजून काढलेलं. आपलंच चुकत असणार. पोरीच्या डोक्यात काहीतरी भरलेलं असणार. आबांनी तसं काही म्हटलंच नसेल, कदाचित."

एवढी वर्षं शशिकांतरावांना भीती होती ती बायकोला खोटं कळण्याची. आणि बायकोनं तर त्यांच्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या बापालाच खोटं ठरवलं होतं. त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, न थांबता: नळ, तीन हंडे, भिंतीला टेकलेली शिडी, तुटक रेघ, खालची टीप, गौरवची शेड, कडुलिंबाखालची वही. वरातीमागून घोडं, पण एकदाचं ते आलं.

चंद्रप्रभाबाईंनी ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं शशिकांतरावांना पुढे कैकदा वाटलं.

"बघितला तरी होतात का हो तुम्ही त्याला? एकदा तरी?"

"नाही," ते म्हणाले.

"मग मला का नाही विचारलंत?" त्या म्हणाल्या. "जानेवारीत जरी सांगितलं असतंत, की नाही काढला, राहून गेला, तर मी काय घर सोडून जाणार होते? रागावले असते चार दिवस. मग तुमच्याबरोबर नोएडाला आले असते. त्या पोराजवळ बसून सांगितला असता, पीस न् पीस. जगात तो फक्त माझ्याकडे उरला होता."

शशिकांतराव जन्माचे ड्राफ्ट्समन, त्यांना दुसरं काय सुचणार? ते उठले, आतून कोरा कागद आणि पेन्सिल आणली, टेबलावर बायकोसमोर ठेवली. म्हणाले, अजून काही बिघडलं नाही. तू काढ, वाकडातिकडा काढ, मी नीट करून घेतो, गौरवकडे जातो, पाया पडतो, तो बदलून देईल.

चंद्रप्रभाबाईंनी पेन्सिल हातात घेतली. डोळे मिटून बसल्या, बराच वेळ. बाहेर कडुलिंबावर राघूंचा दंगा चालला होता. मग डोळे उघडून त्यांनी एक रेघ मारली, दुसरी मारली. मान काढली, ती सरळ आली. खोडली. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा काढली. पुन्हा सरळ, समोर बघणारी, ताठ. तोंडानं त्या स्वतःला बजावत होत्या, मागे वळलेली, चोच पंखात, मागे वळलेली, आणि हात मात्र ऐकत नव्हता. शशिकांतरावांनी बघितलं, शेपटीचं ते प्रमाण, पिसांची ती ओळ. महिनाभर रोज फूल वाहून जो बघितला होता, तोच राघू कागदावर उतरत होता.

आणि रेघ संपता संपता, त्यांच्या नकळत, पेन्सिलीचं टोक डोक्यापाशी गेलं आणि त्यांनी एक गोल डोळा काढला.

डोळ्याकडे त्या बघत राहिल्या. मग पेन्सिल अलगद टेबलावर ठेवली.

"गेला हो," त्या म्हणाल्या. "मिटल्या डोळ्यांनीसुद्धा आता तुमचाच दिसतो."